रिकामी नळी

रविवारी सकाळी सव्वाआठला मास्तरीणबाईंनी लॅबचं कुलूप काढलं, चपला बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या, आतल्या पांढऱ्या सपाता घातल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. त्यात विशेष काही नव्हतं. बावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. बीज मंगळवारी फळलं की पाचवा दिवस रविवारी येणार, आणि पाच दिवसांच्या गर्भाला सुट्टीचा वार कळत नाही, हे त्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या.

मास्तरीणबाई हे नाव त्यांना लॅबमधल्या पोरींनीच ठेवलं होतं. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. कारणच तसं होतं. या कामात एक नियम आहे. कुठलीही डिश उघडायची, कुठलीही नळी भरायची, तर एकीनं वरचं नाव आणि नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि म्हणायचं, "पाहिलं." मग दोघींनी सही करायची. एकदा धाकटी, म्हणजे त्यांच्या हाताखालची मुलगी, नुसतं "हो" म्हणाली. बाईंनी हातातलं काम थांबवलं. "हो काय? हो तर आमच्या घरी पण म्हणतात, पेपरातून मान वर न काढता. पाहिलं म्हण." तेव्हापासून त्या खोलीत कुणी हो म्हणत नसे.

त्या दिवशी साक्षीला मात्र कुणीच नव्हतं. धाकटीचा फोन आला होता, लेकराला ताप भरलाय, दाखवून येते, अकरा वाजतील. बाई म्हणाल्या, ये सावकाश.

इन्क्युबेटरमध्ये चार गर्भ होते, एकाच जोडप्याचे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, बायको घरी शिवणकाम करायची. दोघांना एक मुलगी झाली होती, चिमी. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत. सहाव्या महिन्यापासून तिचे हातपाय सैल पडत गेले, मग मान, मग श्वास. पाचवं वर्ष लागायच्या आत ती गेली. दोष आईबाप दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा लपलेला. दोन अर्धे एका मुलात आले की संपलं. चारांत एकाला तो धोका असतो म्हणतात, पण आपल्या वाट्याला तो एक आला की हिशोबाचं कौतुक राहत नाही. आता शिवणकामवाली एक्केचाळिसाची झाली होती. ही शेवटचीच खेप समजा, असं डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं.

पुढचं डोक्यावरून जाऊ नये म्हणून एवढं आधी समजून घ्या. पाच दिवसांचा गर्भ म्हणजे पेशींचा एक पोकळ बुडबुडा. आत एका कडेला घट्ट पुंजका असतो, त्याचं मूल होतं. बाहेरच्या पातळ थराची वार होते. त्या बाहेरच्या थरातून लेझरनं पाच-सहा पेशी अलगद सोडवायच्या, आतल्या पुंजक्याच्या वाटेला जायचं नाही. मग त्या पेशी एका थेंबात धुवायच्या आणि करंगळीच्या पेराएवढ्या नळीत उतरवायच्या. नळ्या जातात लांबच्या एका जनुकं तपासणाऱ्या लॅबला. गर्भ इथंच नायट्रोजनच्या टाकीत गोठून अहवालाची वाट बघतो. आणि सगळ्यात शेवटी एक नळी असते रिकामी. तिच्यात त्याच धुण्याच्या थेंबातलं नुसतं पाणी टाकायचं, पेशी एकही नाही. तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलंच, तर कुठंतरी भेसळ झाली हे कळतं.

चिमीचं जपून ठेवलेलं थोडं रक्त त्या लांबच्या लॅबला आधीच गेलं होतं, कारण आईबापांच्या जनुकांचा नेमका कुठला तुकडा वाईट हे आजारी मुलाच्याच रक्तावरून ओळखता येतं. म्हणजे गेलेल्या बहिणीच्या नकाशावरून येणाऱ्या भावंडाची वाट शोधायची. हे सगळे रोजचे प्रकार, बाईंना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

थांबता आलं असतं. खोटं कशाला बोला. चार नंबरचा गर्भ कवच फोडून अर्धा बाहेर आला होता, दुपारपर्यंत पुरता निसटला असता, पण अकरापर्यंत काही बिघडलं नसतं. बाईंना आपल्या हाताचा गर्व होता, एवढंच. त्या खुर्चीत बसल्या, डोळे भिंगाला लावले आणि सवयीनं रिकाम्या खोलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. "एक नंबर." मग 'पाहिलं' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या थांबल्या आणि पुढं गेल्या.

त्या खोलीला खिडकी नाही. गर्भाला उजेड सोसत नाही म्हणून दिवेही मंद, पिवळसर. वास तर कसलाच नसतो, असू द्यायचा नसतो. अत्तर नाही, डोक्याला तेल नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. नुसती हवा गाळणाऱ्या यंत्राची घरघर. दोन नंबर झाला, तीन झाला. चार नंबरच्या पेशी सुटल्या, धुण्याच्या थेंबात उतरल्या, आणि तेवढ्यात बाईंच्या नाकाला वास आला. शिवणाच्या मशीनला घालतात त्या पातळ तेलाचा, आणि त्याच्या मागं उबट कपड्याचा.

त्यांनी क्षणभर मान वळवली, बस. परत भिंगात पाहिलं तर थेंबात पेशी नव्हत्या.

या पेशी म्हणजे पाण्यात पडलेला काचेचा कण. एकदा नजर हलली की गेल्याच. बाईंनी थेंब वरून खाली, डावीकडून उजवीकडे शोधला. पेशी हरवल्या तर चार नंबरला पुन्हा टोचायचं, आणि दुसऱ्यांदा टोचलेला गर्भ टिकेलच असं नाही. तिसऱ्यांदा थेंब शोधून झाला. काही नाही.

"दिसलं."

आवाज उजवीकडून आला, साक्षीदाराच्या स्टुलाजवळून, पण स्टुलावर कुणी बसलं तर त्याचं तोंड येईल त्याच्या बरंच खालून. बारीक होता. मध्ये श्वास पुरला नाही असा, दि... सलं.

आता गंमत बघा. बाई घाबरल्या नाहीत. काम करताना माणूस कामातच असतो. धाकटीला विचारावं तसं, डोळे न उचलता त्यांनी विचारलं, "कुठं गं?" उत्तर आलं नाही. पण त्यांची नजर आपसूक थेंबाच्या डाव्या कडेला, अगदी खाली, ओढल्यासारखी गेली. तिथं पेशी होत्या. पाच-सहा, एकमेकींना चिकटलेल्या. मघाशी त्या कडेवरून तीनदा नजर फिरली होती. बाईंनी त्या पिपेटनं उचलल्या आणि चार नंबरच्या नळीत सोडल्या.

नळीचं झाकण लावताना त्यांना आठवलं की धाकटी अजून आलेली नाही.

त्यांनी सावकाश उजवीकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. दार बंद. पळून जावं असं वाटलं, पण चार नंबर उघड्यावर होता आणि शेवटची नळी बाकी होती. हात आपले सवयीनं चालत राहिले. त्याच थेंबातलं उरलेलं पाणी त्यांनी पिपेटमध्ये घेतलं, शेवटच्या नळीत टाकलं आणि तोंडानंही सवयीनं वाचलं, "रिकामी नळी. यात काही नाही."

"दि... सलं," खालून आवाज आला.

बाईंनी चार नंबर गोठवून टाकीत ठेवला आणि बाहेर आल्या. सव्वाअकराला धाकटी धापा टाकत आली. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, समोर कागद. साक्षीदाराचा रकाना खालपर्यंत कोरा.

"कर सही."

"बाई, पण मी तर आत्ता..."

"कर म्हणते ना."

धाकटीनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पाचही ओळींत मुकाट सही केली. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा घडलं होतं. त्या दिवशी बाई घरी गेल्या आणि न जेवता झोपल्या.

अहवाल यायला तीन आठवडे लागले. एक नंबर, आजार. दोन नंबर, आजार. तीन नंबर मुळातच टिकणारा नव्हता. चार नंबर, निर्दोष. दोन्ही तुकडे चांगले, आजाराचा मागमूस नाही. डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "एक मिळाला. एक पुरतो." पण खाली पाचवी ओळ होती आणि तिच्याबद्दल त्या लांबच्या लॅबच्या साहेबांनी स्वतः फोन केला होता. स्वभावानं सावध माणूस. तोलूनमापून बोलायचा.

"रिकाम्या नळीत माणूस सापडला," साहेब म्हणाले. फोन स्पीकरवर होता. "आधी वाटलं, भरणाऱ्या बाईंच्याच कातडीच्या पेशी असतील. होतं असं. पण तसं नाही. ते याच जोडप्याचं मूल आहे. आणि खूण न् खूण जुळवली, तर... ती गेलेली मुलगीच आहे. तिचा नमुना तुमच्याकडे कधी होता का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तो थेट तुमच्याकडे आला."

"आमच्याकडे तो वेगळ्या मजल्यावर असतो." फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "तरी चूक आमचीच धरावी लागेल. दुसरा मार्ग दिसत नाही. चार नंबरची नळी मी परत तपासली. ती निर्दोषच येते."

डॉक्टरांनी बाईंकडं पाहिलं. "तुमच्या बाजूनं काही? त्या दिवशी काही वेगळं?"

तोंडाशी आलं होतं. पण कागदावर दोन सह्या होत्या, त्यातली एक खोटी, आणि ती धाकटीकडून त्यांनीच करवून घेतली होती. "नाही," बाई म्हणाल्या. रोपणाचा, म्हणजे चार नंबर आईच्या पोटात सोडायचा दिवस ठरला.

रोज झोपताना त्या स्वतःला समजावायच्या. चूक त्या लांबच्या लॅबची झाली. आपल्याला भास झाला. उपाशीपोटी काम केलं की होतं असं.

रोपणाच्या सकाळी गर्भ टाकीतून काढण्याआधी बाई ओळख पटवायला शिवणकामवालीच्या खोलीत गेल्या. नाव, जन्मतारीख, नवऱ्याचं नाव, सगळं तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं असतं. ती हिरव्या गाऊनमध्ये खाटेवर बसली होती. घड्याळवाला कोपऱ्यात उभा राहून भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं आहे हे मनात नोंदवत होता. बाई जवळ गेल्या आणि थबकल्या. तोच वास. मशीनच्या तेलाचा.

"येतो ना वास?" शिवणकामवाली ओशाळून हसली. "तीनदा हात धुतले हो. हाडात मुरलाय. चिमी तर मला वासावरूनच ओळखायची, डोळे मिटून." मग ती बोलतच राहिली, घाबरलेली माणसं बोलतात तशी. "मशीनशेजारीच तिची गादी असायची. हात उचलता यायचा नाही, मान वळायची नाही. पण नजर काय होती सांगू. माझी सुई पडली, बटण घरंगळलं, की मी विचारायची, चिमे, कुठं गेलं गं? आणि ती म्हणायची, दिसलं. एवढंच म्हणायची. एका शब्दापुरताच श्वास पुरायचा. मग ती बघेल तिकडं आपण बघायचं, की तिथं सुई."

बाईंनी खाटेची कड धरली.

"शेवटी शेवटी मात्र लबाड झाली होती." शिवणकामवाली आता हसत नव्हती. "तिला एकटीला भीती वाटायची. मी खोलीतून उठायला लागले की काही हरवलेलं नसतानाही म्हणायची, दिसलं. मी बघायला बसायची. आणि तिथं खरंच काहीतरी असायचं, बाई. माझं नसलेलं बटण. मी कधी न आणलेल्या रंगाचा दोरा. मी म्हणायची, बरं, नाही जात. की मग डोळे मिटायची."

"अगं, पुरे आता," घड्याळवाला म्हणाला.

"नाही, मला विचारू दे." तिनं बाईंचा हात पकडला. "चार नंबर नीट आहे ना? मला दुसऱ्यांदा नाही जमायचं. तसंच लेकरू परत माझ्या डोळ्यांदेखत... नाही जमायचं मला. तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

'पाहिलं' हा शब्द बाईंनी हजारो वेळा ऐकला होता, म्हणायला लावला होता. आता तो त्यांच्या तोंडून निघेना. रिकाम्या नळीत पाणी गेलं होतं ते त्याच थेंबातलं. थेंबाच्या कडेला ज्या पेशी 'दिसल्या' त्या चार नंबरच्या नव्हत्याच असं धरलं, तर चार नंबरच्या खऱ्या पेशी तिथंच पाण्यात राहिल्या होत्या. आणि ते पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं पाचव्या नळीत टाकलं होतं.

"आलेच," असं म्हणून बाई बाहेर पडल्या. त्या थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि सांगितलं. आवाजाचं नाही सांगितलं. एकटीनं केलं, पेशी हरवल्या, ज्या सापडल्या त्या कुणाच्या याची खात्री नाही, धाकटीची सही माझ्या धाकानं झाली, एवढं सांगितलं. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही? तुमच्याकडून?" ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रोपण थांबवलं. शिवणकामवालीला कपडे बदलून घरी पाठवलं. चार नंबर बाहेर काढला, पुन्हा टोचला आणि पुन्हा गोठवला. या वेळी भरदुपारी, बाजूला धाकटी आणि मागे स्वतः डॉक्टर. प्रत्येक नळीला दोन जोडी डोळे. वास नव्हता. "पाहिलं"शिवाय दुसरा शब्द त्या खोलीत उमटला नाही.

अठरा दिवसांनी साहेबांचा फोन आला तो डॉक्टरांना नव्हे, बाईंना. "रिकामी नळी रिकामी आहे," ते म्हणाले. "चार नंबरला आजार आहे. तसं लिहून पाठवतो. बरं झालं तुम्ही थांबवलंत."

"मग मागची ती निर्दोष नळी?"

"ती या दोघांच्याच मुलाची होती. पण तुमच्या चारांपैकी कुणाचीच नव्हती." साहेबांचा आवाज अगदी खाली आला. "आणि बाई... चार नंबर नुसता आजारी नाही. दोन सख्ख्या भावंडांत निम्मं जुळतं. इथं सगळं जुळतंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणजे ती गेलेली मुलगी... नाही, ते मी लिहिणार नाही. तुम्हीही मला पुन्हा विचारू नका."

बाईंनी फोन ठेवला आणि टाकीच्या खोलीकडं पाहिलं. दार नेहमीसारखं लावलेलं होतं.

चौघांपैकी एकही कामाचा नाही हे डॉक्टरांनीच जोडप्याला सांगितलं. शिवणकामवाली रडली नाही. गर्भ नष्ट करायच्या कागदावर तिनं सही केली, नवऱ्यानं केली. जाताना ती बाईंना म्हणाली, "तुम्ही खरं बोललात. उपकार झाले." बाईंना ते शब्द चाबकासारखे लागले. त्या पोरीला फक्त आपल्या आईजवळ राहायचं होतं, आणि आपण तिला दारातून परत पाठवली, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, आणि ते आल्याचीच त्यांना भीती वाटली.

नष्ट करण्यालाही साक्षीदार लागतो. बावीस तारखेला सकाळी अकराला दोघी बसल्या. गोठवलेली बारीक कांडी टाकीतून काढायची, तिच्यावरचं नाव वाचायचं, टोक डिशमध्ये बुडवायचं, गर्भ सुटा झालेला भिंगातून बघायचा आणि मग तसाच सोडून द्यायचा.

"एक नंबर."

"पाहिलं."

दोन झाला. तीन झाला. चौथी कांडी बाईंनी स्वतः वाचली, दोनदा वाचली, आणि डिशमध्ये बुडवली. भिंगाला डोळे लावले. थेंब स्वच्छ होता. त्यांनी तो वरून खाली शोधला, डावीकडून उजवीकडे शोधला, कडेकडेनं शोधला. कांडीचं टोक तपासलं. ज्या डब्यातून ती काढली तो तपासला. मग उठून धाकटीला बसवलं. धाकटी दहा मिनिटं बघत राहिली.

"बाई, यात काही नाही."

बाई कान देऊन थांबल्या. खालून, स्टुलाजवळून, काहीतरी येईल म्हणून. गाळणीच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती. कुणीच काही म्हणालं नाही.

"वितळताना विरघळला असेल," शेवटी बाई म्हणाल्या. असं होत नाही हे दोघींना माहीत होतं. तरी कागदावर तेच लिहिलं गेलं.

त्यानंतर महिनाभर सगळं ठीक चाललं. दुसऱ्या जोडप्यांच्या नळ्या गेल्या, आल्या. रिकामी नळी प्रत्येक वेळी रिकामी. बाईंची भूक परत आली. धाकटीवर ओरडणंही परत आलं, त्यामुळं सगळ्यांनाच हायसं वाटलं.

एका सकाळी खालून निरोप आला, सोनोग्राफीच्या खोलीत या, शिवणकामवाली तुमचीच वाट बघतेय. बाई उतरून गेल्या. डॉक्टर दारातच भेटले, चेहरा फुललेला. "राहिलं. आपोआप. उपचार नाहीत, इंजेक्शन नाही, काही नाही. ताण गेला की होतं असं कधी कधी, मी म्हणत नव्हतो?" मग आवाज उतरवून म्हणाले, "फक्त ती तपासणीला तयार नाही. म्हणते, पोटात सुई घालायची नाही. तुमचं ऐकेल, तुम्ही समजवा."

खोलीत अंधार केला होता, पडदा नीट दिसावा म्हणून. शिवणकामवाली आडवी होती. घड्याळवाला बाहेर बाकावर बसला होता. त्यानं आत यायला नकार दिला होता आणि बाईंकडं बघायचंही टाळलं होतं. डॉक्टरांनी यंत्र पोटावर फिरवलं, मापं घेतली, मागं दिवस मोजले.

"म्हणजे हे राहिलं ते साधारण... गेल्या महिन्याच्या सतरा तारखेच्या आसपास."

बाईंनी मनात बेरीज केली. सतरा आणि पाच, बावीस. बावीस तारखेला, म्हणजे चौथ्या कांडीत काही सापडलं नाही त्या दिवशी, तो पाच दिवसांचा असणार. रोपणाला बरोबर लागतो तेवढा.

"तपासून घ्या हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना, दुसऱ्यांदा नाही जमायचं..."

"तेव्हा म्हणाले होते." शिवणकामवालीनं त्यांच्याकडं मान वळवली. चेहरा शांत होता, फार शांत. "काय तपासायचं, बाई? आईला कळत नाही का?"

आणि मग तो वास आला. बाईंनी तो तिच्या हातांचाच समजायचा निकरानं प्रयत्न केला. पडद्यावर करड्या धुरात एक काळी पोकळी होती आणि तिच्या कडेला, डाव्या बाजूला, अगदी खाली, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं.

"हा बघा ठोका," डॉक्टर म्हणाले. "दिसतोय का?"

"दि... सलं."

"शाब्बास," असं म्हणून डॉक्टर पडद्याकडं बघतच हसले. त्यांना वाटलं, ती बोलली. पण बाई तिच्याच तोंडाकडं बघत होत्या. ओठ मिटलेले होते. ते हलले ते नंतर. शिवणकामवालीनं दोन्ही हात पोटावर ठेवले, डोळे मिटले आणि रोजचंच काही बोलावं तसं हळू म्हणाली,

"बरं. नाही जात."

डॉक्टरांनी यंत्र पुसून जागेवर ठेवलं आणि दिवा लावायला उठले.